डबा गळत नव्हता, बाई

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं पत्र आलं, "आठवण लिहून पाठवा" असं वाचलं आणि डोळ्यासमोर आला तो तिसरीच्या वर्गातला बाईंचा पत्र्याचा डबा. बाईंचं नाव लिहीत नाही, ते आपल्यातल्या कुणाला सांगायची गरजच नाही. गॅदरिंग, सहली, हौदाजवळची भांडणं यावर बाकीचे लिहितीलच, मला फक्त बाईंबद्दल लिहायचंय.

पुस्तकात हिम पडतानाचं एक चित्र होतं. वर्गातल्या एकानेही खरं हिम बघितलेलं नव्हतं. कुणीतरी विचारलं, बाई, हे पावसाचे थेंब गोठून होतं ना? बाई हो पण म्हणाल्या नाहीत आणि नाही पण म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी शिपाईमामांकडून बर्फ मागवला, फोडून डब्यात भरला, डबा टेबलावर ठेवला आणि आम्हाला भोवती गोल उभं केलं. जरा वेळाने डब्याला बाहेरून पाणी सुटलं. ते बाईंनी फडक्याने कोरडं पुसलं, मग तीन वाट्या बर्फाला एक वाटी या हिशोबाने मीठ घालून ढवळलं आणि म्हणाल्या, आता बघत राहा. बघता बघता डब्यावर पांढरा थर धरायला लागला, एकदम बारीक, नखाने खरवडला की भुरभुर पडणारा.

मी म्हणाले, "बाई, डबा गळतोय."

मला खरंच तसं वाटत होतं. आत बर्फ, बाहेर पण बर्फ, म्हणजे आतलाच बाहेर आला असणार. काही मुलं हसली तर बाईंनी त्यांना गप्प केलं आणि मला म्हणाल्या, "असेल, आपण बघू की." तिसऱ्या दिवशी परत बर्फ आला, परत मीठ, पण यावेळी बाईंनी डब्यात शाईची अर्धी बाटली ओतली. आतला बर्फ निळाभोर झाला. बाहेर जो थर आला तो पांढराशुभ्र. बाईंनी मला पुढे बोलावून विचारलं, "शाई कुठंय?" मी डब्याभोवती फिरून सगळीकडून बघितलं, मग खूप वेळाने म्हणाले, "बाई, हे हवेतून आलं." बाईंच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद होता तो मी अजून विसरलेले नाही. मग त्यांनी आम्हाला एकेकाला डब्यावर हळूच श्वास सोडायला लावला. तोंडातून गेलेली, डोळ्याला न दिसणारी वाफ पाणी न होता थेट बर्फ होऊन बसते हे आम्ही तिसरीत स्वतः बघितलं.

वरती ढगात डबा नसतो, मग वाफ बसते कशावर? बाईंनी डस्टर आपटलं, उन्हाच्या तिरिपेत खडूची धूळ उडाली, म्हणाल्या असा धुळीचा एक कण पुरतो. त्याच्यावर इवलासा स्फटिक धरतो आणि मग आजूबाजूची वाफ त्याला चिकटत जाते. पावसाचा थेंब गोठला तर नुसती बर्फाची गोळी होते, त्याला असं नक्षीदार अंग येत नाही.

मग मैदानावर नेऊन सहा-सहा जणांना हात धरून कडं करायला लावलं, कारण पाण्याचे कण गोठताना असेच सहाच्या कड्यात बसतात, म्हणून हिमकण सहा बाजूंचा. बाकीची मुलं वाफ होऊन इकडून तिकडे पळत होती आणि ज्याला पहिला हात लागेल त्याला चिकटत होती. कोपऱ्यातली मुलं बाहेर आलेली, त्यामुळे येणारा आधी त्यांनाच धडकायचा, आणि तसेच कोपरे लांब होत होत सहा फांद्या फुटतात. मी एमएस्सीला स्फटिकांचा पेपर दिला तेव्हा मला वेगळं काही पाठ करावं लागलं नाही.

कागदाचे हिमकण कापायला लावले तेव्हा सगळ्यांचे आठ पाकळ्यांचे झाले. अर्ध्याचं अर्धं, परत अर्धं करत गेलं की आठच येणार. बाईंनी एकही फाडला नाही, फक्त म्हणाल्या, अर्ध्या घडीचे आता तीन सारखे भाग करा.

आज मी स्वतः लहान मुलांना शिकवते आणि गेल्या वर्षी माझ्या वर्गाला विज्ञान प्रदर्शनात पहिला नंबर मिळाला तो याच प्रयोगाला. मुलांना मी अजून दोन गोष्टी सांगते. अमेरिकेतल्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याने मायक्रोस्कोपला कॅमेरा जोडून 1885 साली एकट्या हिमकणाचा आपला पहिला फोटो काढला, पुढे आयुष्यभर पाच हजारांवर काढले. आणि जपानच्या उकिचिरो नाकाया यांनी 1936 साली प्रयोगशाळेत हिमाचा स्फटिक वाढवला तो सशाच्या केसावर. उणे 15 अंशाच्या आसपास फांद्यांची चांदणी होते आणि उणे 5 च्या जवळ सुयांसारखे स्फटिक होतात, हे त्यांच्याच कामातून नीट कळलं. सशाच्या केसाचं पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बाईंचा डबाच आठवला, बाईंनाही हे खूप आवडलं असतं.

वाईट याचं वाटतं की आता मुलांना स्क्रीनवर तीन मिनिटांचा व्हिडिओ दाखवतात आणि धडा संपला. कुणाचं बोट गार पडत नाही, कुणी "डबा गळतोय" म्हणत नाही. सजावटीला आणलेले छापील हिमकण पण आठ टोकांचे असतात आणि कुणाला खटकत नाही, मला फार खटकतं.

कार्यक्रमाला मी नक्की येणार. तिसरीच्या वर्गातल्या कपाटात, खालच्या खणात तो डबा असायचा, आतून निळा डाग पडलेला. अजून असेल तर कृपया बाहेर काढून ठेवा, बर्फ आणि मीठ मी घेऊन येते.