आमची वाटचाल: ईएन-८ पासून ७०७५ पर्यंत

सयाजीराव महाराजांनी १८९० साली बडोद्यात सुरू केलेल्या कलाभवनात बाबा शिकले आणि पुढे मकरपुरा जीआयडीसी या तिथल्याच औद्योगिक वसाहतीत त्यांनी लेथ टाकली. त्या काळी शाफ्ट, म्हणजे मशीनचा फिरणारा दांडा, ईएन-८ स्टीलचाच, दुसरा विचारच नसे.

पॅकेजिंग मशीनवाली एक पार्टी आली आणि आमच्या कामाला वळण मिळालं. त्यांचा आखूड शाफ्ट सतत थांबत-सुटत फिरायचा, लोखंडाच्या वजनाने सर्वो मोटर तापायची. कुणीतरी त्यांना तो ६०६१ या ॲल्युमिनियमच्या ग्रेडमध्ये करून दिला होता, तो की-वेच्या (चावी बसवायच्या खाचेच्या) कोपऱ्यातून तडकला. तो तुकडा अजून माझ्या टेबलावर आहे: काटकोनी कोपरा आणि तिथूनच निघालेली केसाएवढी रेघ.

आम्ही ७०७५ घेतलं, तेही ॲल्युमिनियमच, पण जास्त ताकदीचं. टी६ म्हणजे उष्णतेने कडक केलेलं. ६०६१-टी६ ची यील्ड, म्हणजे ज्या ताणाला धातू कायमचा वाकतो तो, साधारण २७५ मेगापास्कल, ७०७५-टी६ ची ५०० च्या घरात, आणि वजन स्टीलच्या जेमतेम ३६ टक्के. बार टी६५११ मागवला, म्हणजे खेचून आतला ताण काढलेला. की-वे कापल्यावर जॉब वाकडा होत नाही. कोपऱ्याला रेडियस, म्हणजे गोलाई, दिला. ॲल्युमिनियमला थकव्याची (पुन्हा पुन्हा ताण येऊन तडकण्याची) सुरक्षित मर्यादा नसते, लाखो फेऱ्यांनंतरही तडा जाऊ शकतो, म्हणून तो रेडियस आम्ही कधीच सोडत नाही. हार्ड ॲनोडायझिंग (पृष्ठभागावरचा कठीण ऑक्साइडचा थर) फक्त बेअरिंग बसते तिथे, कारण त्या थरानेही थकव्याची ताकद घटते. शिवाय थराची निम्मी जाडी बाहेर वाढते. ५० मायक्रॉनच्या थराने व्यासही ५० मायक्रॉनने वाढतो. तेवढं आधीच कमी टर्न करायचं.

तो शाफ्ट चालला आणि मग लांब शाफ्टवालेही येऊ लागले. त्यांना मी स्पष्ट सांगतो, ग्रेड बदलून वाक कमी होत नाही. ६०६१ काय नि ७०७५ काय, दोन्हींचा स्टिफनेस स्टीलच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच. स्टीलइतका ताठ हवा तर व्यास ३२ टक्के वाढवावा लागतो. वजन तरीही कमीच राहतं, पण फिरवायला लागणारा जोर जवळपास स्टीलएवढाच होतो, मग सर्वोचा फायदा गेला कुठे? अशा वेळी मी पोकळ शाफ्ट सुचवतो, आणि वेल्डिंग करायचं असेल तर ७०७५ नकोच म्हणतो. असं सांगून ऑर्डर हातची गेलीही आहे, पण बाबांनी हीच शिस्त लावली.

आज प्रत्येक बारची हार्डनेस आम्ही स्वतः तपासतो. ७०७५-टी६ ला सुमारे १५० ब्रिनेल यायला हवी. ९५ च्या आसपास, म्हणजे ६०६१-टी६ एवढी, आली तर सर्टिफिकेट काहीही म्हणो, बार परत जातो.

आमच्याकडे ड्रॉइंग पाठवताना बेअरिंगमधलं अंतर, टॉर्क आणि स्पीडही लिहा. ग्रेड त्यानंतर ठरवू.