चिठ्ठीवरची ट्यूब फक्त ‘खाली’च मिळते!

आधी कामाचं सांगतो, राग नंतर काढतो. चेहरा प्रचंड कोरडा पडत असेल, तोंड धुतल्यावर गाल ओढल्यासारखे होत असतील, हसलं की नाकाच्या बाजूला चरचरत असेल, तर पाच-सातशेची ट्यूब लागतेच असं नाही. दीडशे ग्रॅमची साधी, बिनवासाची क्रीम नागपुरात मला तीनशे तीसला मिळाली आणि उरलेला हिवाळा तिच्यावर निघाला. पण तिथवर पोचायला जो वैताग झाला, तो अजून डोक्यातून जात नाही. म्हणून हे लिहितो आहे.

मी सकाळी सातच्या आत मानेवाड्याहून गाडीने हिंगण्याच्या एमआयडीसीकडे निघतो. दिवाळीनंतर आपल्याकडची हवा किती कोरडी होते ते नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. त्यात घरी बोअरिंगचं जड पाणी आणि गीझर. डिसेंबर लागला की भुवयांवर पांढरा कोंडा दिसायला लागतो आणि दाढी केल्यावर आफ्टरशेव्ह सोडा, नुसतं पाणीही झोंबतं. आईने साय सांगितली, मग तिळाचं तेल सांगितलं. तेल रात्री बरं वाटलं, पण सकाळी लावून निघालो तर हेल्मेटच्या आत सगळी धूळ गालाला चिकटली. ग्लिसरीन स्वस्त मिळतं, तेही आणलं. ते ओल्या चेहऱ्यावर, थोडं पाणी घालून आणि वरून काहीतरी स्निग्ध लावलं तरच कामाचं. कोरड्या हवेत नुसतं चोपडलं की ते त्वचेच्या आतलंच पाणी ओढतं आणि तासाभरात चेहरा आणखी ताणतो.

बायको म्हणाली, “अहो, घरगुती प्रयोग पुरे आता, स्किनवाल्याला दाखवा.” मग धंतोली-रामदासपेठेकडच्या एका दवाखान्यात नंबर लावला. डॉक्टरांबद्दल तक्रार नाही, हे स्पष्ट लिहितो. त्यांनी भिंगातून नीट पाहिलं, थायरॉइडची तपासणी करायला लावली, कारण थायरॉइड कमी असेल तरी कातडी अशी कोरडी पडते. रिपोर्ट नॉर्मल आला. एक्झिमा वगैरे काही नाही, नुसती कोरडी त्वचा आहे, म्हणाले. एवढ्यासाठी फी वसूल. खाज, लाल चट्टे किंवा चिकट पिवळसर खपल्या असतील तर तुम्हीही क्रीम शोधत बसू नका, आधी दाखवून घ्या.

मग चिठ्ठीवर एक मॉइश्चरायझर लिहून दिलं आणि म्हणाले, “खाली मिळेल.”

खाली म्हणजे तळमजल्यावरचं मेडिकल. ट्यूब पन्नास ग्रॅम, छापील किंमत सहाशे चाळीस. मी म्हटलं, घराजवळून घेतो, तिथे दहा टक्के सूट मिळते. काउंटरवरचा पोरगा हसला. “बघा भाऊ, मिळाली तर.”

मानेवाड्यात नाही. मेडिकल चौकात, जिथे दुकानाला दुकान लागून आहे, तिथेही नाही. सीताबर्डीवर एकाने कॉम्प्युटरमध्ये नाव टाकलं, दोनदा स्पेलिंग बदललं आणि म्हणाला, “कंपनीच दाखवत नाही.” दुसऱ्याने चिठ्ठीवर वरचं डॉक्टरांचं नाव वाचलं आणि ती तशीच परत केली. “काहून फिरून राहिले काका? हे त्यायच्याच खाली भेटते.” तिसऱ्याने तर हद्द केली. कोरडी त्वचा म्हटल्यावर गोरेपणाची क्रीम पुढे केली, वर म्हणाला, “जेन्ट्समध्ये हेच चालू आहे.” बाप्पा! चेहरा फाटून राहिला आणि हा मला उजळवून राहिला.

शेवटी खालूनच घेतली. आणि खरं सांगायचं तर क्रीम चांगलीच निघाली. चार दिवसांत चरचर बंद. त्यामुळेच पुढचा राग जास्त आहे.

ट्यूब तीन आठवड्यांत संपली. मला वाटलं मीच उधळी करतोय. नाही. ट्यूबमधून बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पट्टी काढली की साधारण अर्धा ग्रॅम होतो आणि चेहरा-मान मिळून अशा अडीच पट्ट्या लागतात. म्हणजे एका वेळी सव्वा ग्रॅम, दोन वेळा लावलं की दिवसाला अडीच. पन्नास ग्रॅमला वीस दिवस! नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरला तर सहा ट्यूबा, तीन हजार आठशे चाळीस रुपये. फक्त तोंडाला.

तरी दुसरी ट्यूब आणायला गेलो. “स्टॉक नाही, सोमवारी येईल.” सोमवारी गेलो तर “उद्या”. उद्या गेलो तर तो पोरगाच नाही, त्याच्या जागी बसलेले काका म्हणतात, ऑर्डर टाकली आहे, फोन करून या. फोन कोणी उचलत नाही. हिंगण्याहून ड्यूटी करून, संध्याकाळच्या वर्दळीतून तिथे पोचायचं, गाडी लावायला जागा शोधायची आणि काचेच्या त्या कपाटाकडे बघून परत यायचं. एकदा मी तिथे उभा असताना एका बाईंना तोच खोका मिळाला. मी विचारलं, तर म्हणे त्यांचा आधीच बुक होता. तोंडाच्या क्रीमचं बुकिंग! मी विचारलं, याच्या बदल्यात दुसरी कोणती चालेल? “डॉक्टरांना विचारा.” वर गेलो तर रिसेप्शनवरची ताई म्हणाली, विचारायचं असेल तर फॉलोअपचा नंबर लावावा लागेल, फी अर्धी. खाली माल नाही, वर उत्तर नाही आणि मधल्या जिन्यावर मी, फाटलेल्या गालांचा.

इथे एक माहिती टाकून ठेवतो. रुग्णालयातल्याच मेडिकलमधून औषध घेण्याची सक्ती नाही, असा फलक लावायला महाराष्ट्राच्या एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, सांगितलेलं आहे. पण फलक लावून काय होणार, जर ती वस्तू दुसऱ्या कुठल्या दुकानात ठेवलेलीच नसेल?

कारखान्यातल्या एका मित्राचा मेहुणा गंजीपेठेतल्या दवा बाजारात होलसेलचं काम करतो. शनिवारी सुट्टी टाकून त्याच्याकडे गेलो. जाताना रिकामा खोका खिशात घेतला होता, आणि मला विचाराल तर हीच सगळ्यात उपयोगी गोष्ट ठरली. संपलेल्या ट्यूबचा खोका फेकू नका. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. त्याने चावीने एका कार्टनची पट्टी फाडता फाडता माझ्या हातातला खोका घेतला, समोरची बाजू बघितलीच नाही. सरळ मागे वळवला, मोबाईलने फोटो काढला आणि दोन बोटांनी मोठा करून वाचायला लागला. “व्हाइट सॉफ्ट पॅराफिन, लाइट लिक्विड पॅराफिन, ग्लिसरीन… बाकी सगळं किरकोळ. अन् हे पहा भाऊ, लायसन कॉस्मेटिकचं आहे. औषध नाहीच हे.”

मी बघतच राहिलो. चिठ्ठीवर लिहिलेलं, मेडिकलमधून घेतलेलं, आणि औषध नाही? त्याने समजावलं ते असं: क्रीम कॉस्मेटिक म्हणून निघाली की औषधांच्या किमतीवर जे सरकारी नियंत्रण असतं ते तिला लागू होत नाही. कंपनी हवी ती एमआरपी छापू शकते. आणि अशी क्रीम घ्यायला चिठ्ठीही लागत नाही. मग एका कागदावर त्याने तीन नावं लिहून दिली. तिन्हींमध्ये तोच मसाला, वेगवेगळ्या कंपन्यांचा. “आमच्याकडून रिटेल नाही देता येत, कोणत्याही मेडिकलमध्ये जा.”

त्यातली दोन माझ्या घराच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये होती. कोपऱ्यावरच्या! मी डिसेंबरपासून त्याच दुकानात तीनदा तरी खोकल्याचं औषध घेतलं असेल.

नावं इथे लिहीत नाही, कारण तुमच्या गल्लीत चौथंच नाव असेल. मागची बाजू वाचा. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे कॉस्मेटिकवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात; एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले मात्र शेवटी कुठल्याही क्रमाने चालतात. म्हणजे समोर मोठ्या अक्षरांत बदाम, केशर, कोरफड लिहिलेलं असेल आणि मागे ते शेपटाला असेल, तर ते नावापुरतं आहे असं धरा. पॅराफिन किंवा पेट्रोलॅटम (म्हणजे पेट्रोलियम जेलीच) आणि ग्लिसरीन वरच्या चार-पाचात हवं. सेरामाइड (कातडीत मुळात असतो तोच स्निग्ध घटक) असेल तर उत्तमच, पण त्याच्यासाठी दुप्पट पैसे मोजायची गरज मला तरी पडली नाही. परफ्यूम लिहिलं असेल तर खोका खाली ठेवा, फाटलेल्या कातडीला वासच आधी झोंबतो. एका ग्रॅमची किंमतही पाकिटावर छापलेली असते, बारीक अक्षरात, एमआरपीच्या जवळ. माझी जुनी बारा रुपये ऐंशी पैसे ग्रॅम, नवी दोन रुपये वीस पैसे.

नवी क्रीम घेऊन फॉलोअपलाही गेलो, अर्धी फी भरून, मुद्दाम. डॉक्टरांनी खोका उलटा करून पाहिला आणि म्हणाले, “चालेल की.” हे दोन शब्द पहिल्याच दिवशी चिठ्ठीवर लिहिले असते तर काय बिघडलं असतं, हे विचारायचं होतं. पण बाहेर वीस माणसं बसलेली होती आणि मलाही ड्यूटी होती.

राहिलेलं. टाचांसाठी जी युरियावाली क्रीम मिळते ती घरात आहे म्हणून तोंडाला लावू नका, चिरा पडलेल्या गालावर आग होते. साबण चेहऱ्यावरून बंद केला, साधा फेसाशिवायचा क्लीन्झर तोही फक्त रात्री. सकाळी कोमट पाणी पुरतं. टॉवेल घासायचा नाही, टिपायचा, आणि चेहरा ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांच्या आत क्रीम. अर्ध्या तासाने लावलेल्या क्रीमचा निम्मा फायदा जातो, असा माझा अनुभव. फारच थंडी पडली तर रात्री क्रीमवर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात, पिंपल्स येत नसतील तरच. दाढी रात्री करायची, सकाळी नाही. आणि दीडशे ग्रॅमची घेताना एक्सपायरी बघून घ्या. आमच्या कोपऱ्यावरच्याने मला पहिल्यांदा मार्चमध्ये संपणारी काढून दिली होती, मागून दुसरी काढायला लावली.