बळी देऊन मात : तिसऱ्या महिन्याची नोंद

या महिन्यात रोज बुद्धिबळाची दहा कोडी, सगळी एकाच जातीची. मोहरा बळी द्यायचा आणि मात करायची. घड्याळ बंद.

सगळ्यात जास्त तोंडघशी पडलो स्मदर्ड मेटमध्ये, म्हणजे स्वतःच्याच मोहऱ्यांनी कोंडलेल्या राजावर घोड्याने केलेली मात. खरं तर पाठ असलेला प्रकार! काळ्याचा राजा जी८, हत्ती डी८, प्यादी जी७ आणि एच७ (ही पटावरच्या घरांची नावं). पांढऱ्याचा घोडा जी५ वर, वजीर सी४ वर येऊन शह देतो. राजा एफ८ ला गेला तर वजीर एफ७, तिथेच मात. म्हणून तो एच८ च्या कोपऱ्यात शिरतो. इथे माझा हात शिवशिवायचा: लगेच वजीर जी८! हत्ती मारणार, मग घोडा एफ७, मात.

पण हत्ती कशाला मारेल? राजाच मारतो. वजीर बिनजोर होता ना, त्याच्या मागे कुणाचाच आधार नव्हता! आधी घोडा एफ७ वर शह, राजा परत जी८, मग घोडा एच६ वर दुहेरी शह, घोडा आणि वजीर दोघांचा एकदम. दुहेरी शहाला राजा हलवण्यावाचून इलाज नाही, त्यामुळे जी७ चं प्यादं घोड्याला मारू शकत नाही. राजा पुन्हा एच८. आता जी८ ला घोड्याचा जोर आहे. वजीर तिथे पडला की हत्तीलाच मारावं लागतं आणि घोडा एफ७ वर परततो. घोड्याची ही खेप मला उगाच वाटायची.

म्हणजे बळी दिसत होता, पण समोरच्याच्या खेळ्या मी माझ्या सोयीने खेळत होतो. आता वहीत बळीपुढे 'कोण कोण मारेल?' लिहितो, राजा पहिला. वेळ दुप्पट लागतो, रेटिंगही थोडं उतरलंय. चालेल.

रेटी-टार्टाकोवर, व्हिएन्ना १९१० हा जुना डाव या पद्धतीने पुन्हा सोडवला. वजीर डी८, राजा मारतो, उंट जी५ वर दुहेरी शह. राजा सी७ तर उंट डी८ मात, ई८ तर हत्ती डी८ मात. दोन्ही फाटे लिहिले, पहिल्यांदाच न चुकता.

मग हाव सुटली आणि एडवर्ड लास्कर-थॉमस, लंडन १९१२ मांडला. वजिराने एच७ मारणं पटकन सापडलं. त्यानंतर राजाला पटभर ओढत जी१ पर्यंत आणायला दोन संध्याकाळी गेल्या. लास्करने शेवटी राजा डी२ वर सरकवून मात केली, मी वजिराच्या बाजूला कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणं) करून. तपासलं, तीही मातच आहे.