लेबकुखेन: सगळं अडलं होतं ते सालीपाशी

लेबकुखेनच्या, म्हणजे नाताळातल्या मसालेदार जर्मन कुकीच्या, जवळजवळ प्रत्येक रेसिपीत एक ओळ असते: ‘संत्र्याची आणि महाळुंगाची पाकातली साल, प्रत्येकी १०० ग्रॅम.’ बस्स, एवढंच. अंडी किती फेटायची, बदाम किती बारीक दळायचे, यावर परिच्छेदच्या परिच्छेद, आणि ज्या गोष्टीवर त्या कुकीची अर्धी चव उभी आहे तिला एक ओळ. माझा राग अजून गेलेला नाही, म्हणूनच हे लिहिते आहे.

जर्मनीत राहायला आल्यापासून दर वर्षी बघते, सप्टेंबर उजाडत नाही तोच दुकानांत लेबकुखेनचे डबे रचायला सुरुवात होते. न्युर्नबर्ग हे यांचं माहेर. तिथे लेबकुखेन करणाऱ्यांचा पहिला लेखी उल्लेख १३९५ सालचा आहे आणि १६४३ मध्ये त्यांचा स्वतंत्र व्यवसाय-संघ झाला. शहराभोवतीच्या जंगलात मधमाश्या पाळत, त्यामुळे मध हाताशी, आणि मसाल्यांचे व्यापारी रस्ते शहरातून जाणारे. या दोन गोष्टी एका ठिकाणी आल्या म्हणून हा पदार्थ तिथे रुजला. आज युरोपीय कायद्यानं ‘न्युर्नबर्गर लेबकुखेन’ हे नाव फक्त त्या शहरात बनलेल्या मालालाच लावता येतं, १९९६ पासून.

मला करायचे होते ते त्यातले सगळ्यात वरच्या दर्जाचे, एलिझेन लेबकुखेन. त्यांचा नियम कडक आहे: बदाम, हेझलनट किंवा अक्रोड मिळून किमान २५ टक्के, आणि पीठ १० टक्क्यांच्या वर नाही. घरी करताना बहुतेक जण पीठ घालतच नाहीत. म्हणजे उरतं काय? अंडी, साखर, सुका मेवा, मसाला आणि साल. चुकीची चव लपवायला जागाच नाही.

सुपरमार्केटमध्ये पाकातली साल मिळते, छोट्या प्लास्टिकच्या डबीत, एकसारखे चौकोनी तुकडे. संत्र्याचे केशरी, महाळुंगाचे फिकट हिरवे. डबीवर घटक वाचा: ग्लुकोज-फ्रुक्टोज सिरप, साखर, आम्ल, टिकवण्यासाठी सल्फर डायऑक्साइड. डोळे मिटून दोन्ही खाऊन बघा, कुठलं कुठलं ते सांगता येणार नाही. गोड आणि रबरी, एवढीच ओळख. इथे कितीतरी लोक लेबकुखेन खाताना ते तुकडे बोटानं वेचून बाजूला काढतात. त्यांचा दोष नाही. मीही तेच करायचे.

म्हणून ठरवलं, साल घरी करायची. आणि इथेच खरी अडवणूक सुरू झाली.

पहिली अडचण साल मिळण्याचीच. नेहमीच्या संत्र्यांच्या जाळीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की साल खाण्यायोग्य नाही. त्यावर मेण आणि बुरशीनाशक असतं. ‘बिओ’ (म्हणजे सेंद्रिय) किंवा ‘प्रक्रिया न केलेलं’ असं स्पष्ट लिहिलेलं फळच घ्या, आणि तेही जाड सालीचं. महाळुंग शोधायला जास्त त्रास झाला. ते कालाब्रिया आणि कॉर्सिकाकडचं फळ, गर नावाला, साल मात्र बोटभर जाड आणि आतला पांढरा भाग गोडसर. इटालियन भाजीवाल्याकडे हिवाळ्यात कधीतरी येतं. पुढच्या आठवड्यात म्हणत म्हणत त्यानं मला बरंच झुलवलं. नाहीच मिळालं तर जाड सालीच्या बिओ लिंबांवर भागवा, वास थोडा वेगळा येतो पण डबीतल्यापेक्षा शंभर पटीनं बरा.

दुसरी अडचण म्हणजे पाककृती. मी वाचलेल्या जलद कृतींचा सूर एकच: साल कापा, साखर-पाणी उकळा, तासभर शिजवा, झालं. तंतोतंत तशीच केली आणि हातात चामड्याच्या पट्ट्या आल्या. दातांखाली ताणल्या जात होत्या, आतून कडू, वरून साखरेचे खडे. हे असं का होतं ते कुणीही लिहीत नाही. ते नीट समजून घेतलं आणि मग सगळं सुटलं.

सालीच्या पेशींत पाणी भरलेलं असतं. तिला एकदम दाट पाकात टाकलं की पाक ते पाणी बाहेर ओढतो, आणि साखर मात्र तितक्या वेगानं आत शिरू शकत नाही. साल आक्रसते, सुरकुतते, कडक होते. आणि एकदा साखर लागली की साल आणखी मऊ होत नाही, कितीही तास शिजवा. म्हणजे मऊ करण्याचं सगळं काम साखरेच्या आधी, साध्या पाण्यातच व्हायला हवं. सगळी गोम या एका वाक्यात आहे आणि तेच वाक्य रेसिपीतून गायब असतं!

आता मी करते ते असं. साल चार फाकांत काढायची, पांढरा भाग खरवडायचा नाही. हो, नाही. बरेच जण कडूपणाच्या भीतीनं तो काढून टाकतात, पण पाक पिऊन रसरशीत होतो तो तोच भाग. कडूपणा पाण्यानं जातो. थंड पाण्यात साल घालून उकळी आणायची, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा थंड पाणी. असं तीनदा. चौथ्या पाण्यात मंद आंचेवर शिजवत ठेवायची, नखानं दाबल्यावर नख सहज आत जाईपर्यंत. याला पाऊण तास लागेल, तासही लागेल. घड्याळ बघू नका, नख लावून बघा.

मग पाक. चार मोठ्या संत्र्यांच्या सालीला अर्धा किलो साखर आणि अर्धा लिटर पाणी. पाक पातळच हवा, एकतारीच्याही खूप अलीकडचा. त्यात साल घालून एक हलकी उकळी, आणि गॅस बंद. झाकून ठेवा, दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका. दुसऱ्या दिवशी साल निथळून बाजूला काढायची, नुसत्या पाकात शंभर-सव्वाशे ग्रॅम साखर घालून उकळायचं, आणि गरम पाक सालीवर ओतायचा. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. एक आठवडा धरून चाला. रोजचं काम दहा मिनिटांचं, बाकी सगळी वाट पाहणं.

या वाट पाहण्यानं माझा जीव मेटाकुटीला आला. ॲडव्हेंटचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार तोंडावर आलेला, आमच्या ऑफिसात प्रत्येकाच्या घरी बेकिंग चालू, आणि माझ्या ओट्यावर एक झाकलेलं पातेलं, ज्यात बाहेरून बघता काहीही घडत नाहीये. रोज वाटायचं, आज दोन दिवसांची साखर एकदम घालून टाकावी. घालू नका. साखर आत शिरते ती स्वतःच्या गतीनं, तुमच्या कॅलेंडरच्या नाही. चार-पाच दिवसांनी फरक दिसायला लागतो: साल हळूहळू पारदर्शक होते, पांढरा भाग काचेसारखा दिसू लागतो. उजेडात धरली की पलीकडचा प्रकाश दिसतो. ते दिसलं तेव्हा मला इतका आनंद झाला की घरातल्या प्रत्येकाला मी ती पट्टी खिडकीशी नेऊन दाखवली.

शेवटच्या दिवशी साल पाकातच ठेवून, पाक १०६ अंश सेल्सियसला येईपर्यंत उकळायचा. थर्मामीटर असू द्या, इथे डोळ्यांचा अंदाज पुरत नाही. त्या तापमानाला पाकात साखर साधारण सत्तर टक्क्यांच्या वर गेलेली असते आणि साल महिनोन् महिने टिकते. मग जाळीवर निथळत ठेवायची, एक-दोन दिवस, बोटाला चिकटेनाशी होईपर्यंत.

एक राहिलंच: पहिल्या दिवशीच्या साखरेतली पाव भाग साखर कमी करून त्याजागी मध किंवा ग्लुकोज सिरप घाला. नुसत्या साखरेचा दाट पाक शेवटी शेवटी खडे धरतो आणि सालीवर वाळूसारखा थर बसतो. मधानं ते होत नाही, आणि लेबकुखेनमध्ये मधाची चव उपरी वाटत नाही.

पुढचं सगळं सरळ आहे. ४ अंडी, २०० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, आठ-दहा मिनिटं फेटून पांढरट दाट करायचं. २०० ग्रॅम बदाम आणि २०० ग्रॅम हेझलनट. हेझलनट आधी ओव्हनमध्ये भाजून, फडक्यात चोळून सालं काढून मग दळा, विकतच्या पुडीत तो वास नसतो. निम्मे अगदी बारीक, निम्मे जरा भरड. संत्र्याची आणि महाळुंगाची साल प्रत्येकी १०० ग्रॅम, तांदळाच्या दाण्याएवढी चिरून. सुरीला चिकटते, म्हणून त्यातच मूठभर दळलेले बदाम टाकून चिरा. मसाला एक मोठा चमचा: दालचिनी सगळ्यात जास्त, मग लवंग, वेलची, धणे, सुंठ, जायफळ, जायपत्री, ऑलस्पाइस आणि चक्रीफूल. लवंगेला हात आखडता ठेवा, ती बाकी आठांना गप्प बसवते. तयार मिश्रण विकत मिळतं, पण ताजं कुटलेलं वेगळंच.

हे मिश्रण रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी ओब्लाटेनवर थापायचं. ओब्लाटेन म्हणजे पीठ-पाण्याच्या पांढऱ्या कागदासारख्या पातळ चकत्या, चर्चमध्ये प्रसाद म्हणून देतात त्याच जातीच्या. ७० मिलिमीटरच्या चकतीवर साधारण ४० ग्रॅम, मध्ये उंच, कडेला उतरतं. मग काही तास तसंच उघडं ठेवायचं, वरची बाजू सुकेपर्यंत, म्हणजे भाजताना ते पसरत नाही. १६० अंशांवर वीस ते पंचवीस मिनिटं. बाहेर काढताना मधोमध दाबलं तर मऊ लागायला हवं. पूर्ण घट्ट होईपर्यंत ठेवलंत तर ते जास्त भाजलं गेलं. अर्धे नुसत्या साखरेच्या पाकानं आणि अर्धे डार्क चॉकलेटनं झाकले. पंचवीसेक होतात.

लगेच खाऊ नका. डब्यात घालून निदान चार-पाच दिवस ठेवा, मसाले एकमेकांत मिसळतात आणि सालीतला ओलावा सगळीकडे पसरतो. ऑफिसातल्या मूळच्या न्युर्नबर्गच्या सहकाऱ्याला दिला, त्यानं सवयीनं सालीचा तुकडा वेचायला बोट लावलं, चाखला, आणि मग काहीही न वेचता संपवला. दुसरा मागून घेतला. मला त्याचा फार अभिमान वाटला, लपवत नाही.

पीठ आणि मधाचे तपकिरी लेबकुखेन करणार असाल तर गोष्ट वेगळी. त्यात फुगण्यासाठी पोटॅश आणि हिर्शहॉर्नझाल्त्स, म्हणजे अमोनियम कार्बोनेट घालतात. भाजताना अमोनियाचा भपकारा येतो, ओव्हन उघडताना चेहरा लांब ठेवा आणि कच्चं पीठ चाखू नका. कुकी पातळ हवी, जाड झाली तर तो वायू आतच अडकतो आणि वास राहतो. एलिझेनमध्ये या कशाचीच गरज नाही.

आणि साल करायला ऑक्टोबरच्या शेवटीच घ्या. पाकात बुडवून स्वच्छ बरणीत ठेवली की डिसेंबरपर्यंत तिला काही होत नाही, मग ॲडव्हेंटच्या घाईत फक्त निथळून चिरायची. उरलेला पाक फेकू नका, त्यात संत्र्याचा सगळा अर्क उतरलेला असतो. लेबकुखेनवर लावायचा साखरेचा लेप मी आता त्यातच करते.