ब्राह्मी घृत: आधी पान ओळखा, मग तूप चढवा

‘साठी, बुद्धी नाठी’ म्हणून घरचे दुर्लक्ष करतात. आजोबा एक दिवस कोल्हापुरातल्या गंगावेशीतून घरची वाट चुकले, की ब्राह्मीची शोधाशोध सुरू होते. त्याआधी बी-12 आणि थायरॉईड तपासून घ्या. या दोन्हींनी येणारं विसरणं औषधानं सुधारू शकतं. झोपेच्या गोळ्यांनीही डोकं मंदावतं. आणि गोंधळ दोन-चार दिवसांत अचानक सुरू झाला असेल तर काढा-तूप बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा. संसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, पडून डोक्याला लागलेला मार, यांतलं काहीही असू शकतं.

आता ब्राह्मी. या एका नावाखाली दोन वनस्पती मिळतात. जलब्राह्मीचं पान नखाएवढं, जाडसर, रसाळ, कडा सरळ, देठ जवळजवळ नाहीच. फूल पांढरं किंवा फिकट जांभळं, चव कडू. मंडूकपर्णीचं पान गोलसर, कडेला बोथट दाते, देठ लांब. चरकसंहितेच्या चार मेध्य (बुद्धीला पोषक) रसायनांत मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी आहेत. आधुनिक चाचण्या जास्त झाल्या त्या जलब्राह्मीवर: बहुतेक निरोगी माणसांना रोज 300 मिलिग्रॅम अर्क, साधारण 12 आठवडे. आठवणीत थोडा फरक दिसला. कोणत्याही वनस्पतीनं अल्झायमर थांबतो असं मात्र सिद्ध झालेलं नाही, ब्राह्मीनंही नाही. पूड झाली की काय आहे ते डोळ्यांना कळत नाही, म्हणून अख्खा पालाच घ्यावा.

रंकाळा तलावाच्या काठावरून किंवा नाल्याकडेची जलब्राह्मी तोडू नका. ही वनस्पती पाण्यातले शिसे-कॅडमियमसारखे जड धातू शोषून साठवते. जुन्या टबात चिखल आणि वर दोन बोटं पाणी ठेवून एक फांदी खोचली तरी ती पसरते.

तुपाचं प्रमाण असं: गाईचं तूप 250 ग्रॅम, जलब्राह्मीच्या ताज्या पाल्याचा गाळलेला रस 1 लिटर, वाटलेला पाला म्हणजे कल्क 30 ग्रॅम. रसाला साधारण दोन-अडीच किलो पाला लागतो. भांडं रुंद आणि खोल घ्या, फेस चांगलाच वर येतो. तूप पातळ झालं की कल्क, मग थोडाथोडा रस घाला आणि मंद आचेवर ढवळत राहा. तळाशी कल्क धरला की सगळ्या तुपाला करपट वास लागतो. दोन-तीन तासांनी फेस बसतो (तेल असतं तर उलट, तिथे पाक होताना फेस येतो). कल्क बोटांत वळून बघा. वात होते आणि विस्तवावर टाकली तर तडतडत नाही, तिथेच गॅस बंद. चिकटत असेल तर पाणी राहिलंय, असं तूप बरणीत खराब होतं. कल्क कोरडा होऊन चुरगळला तर खरपाक, म्हणजे तूप गरजेपेक्षा जास्त शिजलं. ते तूप मालिशला ठेवा, पोटात देऊ नका. गरम असतानाच गाळा.

सकाळी एक छोटा चमचा, कोमट दुधाबरोबर. मळमळ, पोटात मुरडा, जुलाब झाले तर निम्मं करा किंवा थांबवा. गिळताना ठसका लागणाऱ्यांना भरवूच नका.

जे घोटाळे होतात ते बहुधा जोडीच्या गोळ्यांमुळे आणि इतर वनस्पतींमुळे. विसरण्यावरची डोनेपेझिल ही गोळी चालू असेल तर ब्राह्मीनं नाडी आणखी मंदावू शकते, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. फिटसाठी फेनिटॉइन घेणाऱ्यांना शंखपुष्पी देऊ नये, गोळीची रक्तातली पातळी उतरते. ज्येष्ठमधानं रक्तदाब चढतो, पोटॅशियम घटतं. वेखंड तर बाळाला उगाळून देणारेच आजोबांना चमचाभर देतात, आणि मग उलट्या!

सुरू करायच्या दिवशी वहीत लिहून ठेवा: सुट्टे पैसे मोजता येतात का, एकच प्रश्न दिवसात किती वेळा विचारला, गोळी घेतल्याचं लक्षात राहतं का. 12 आठवड्यांनी तीच वही उघडा. फरक नसेल तर तूप बंद.