गांजाने घाबरणं कमी होतं की वाढतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण दोन्ही अनुभव घेऊन आलेले असतात. कित्येक महिने रात्रीच्या दोन झुरक्यांनी डोकं शांत व्हायचं, झोप लागायची. मग एका रात्री तसाच माल ओढला आणि छाती धडधडायला लागली, हातपाय गार पडले, आता काही मी वाचत नाही असं वाटलं. यातलं खरं कुठलं? दोन्ही खरं आहे. फरक मात्रेचा असतो, आणि चिलमीत किंवा जॉइंटमध्ये मात्रा मोजता येत नाही.

2017 साली शिकागोतल्या संशोधकांनी 42 निरोगी माणसांवर एक प्रयोग केला. गांजातलं नशा आणणारं द्रव्य म्हणजे टीएचसी. काहींना त्याची 7.5 मिलिग्रॅमची कॅप्सूल दिली, काहींना 12.5 मिलिग्रॅमची, तर काहींना नुसतीच पोकळ गोळी. मग सगळ्यांना खोटी मुलाखत द्यायला आणि तोंडी वजाबाक्या करायला लावलं. 7.5 वाल्यांना ताण कमी जाणवला, 12.5 वाल्यांची मनःस्थिती उलट बिघडली. मधलं अंतर फक्त 5 मिलिग्रॅम. आता जॉइंटचा हिशोब करा. अर्धा ग्रॅम गांजा आणि त्यात 10 टक्के टीएचसी धरलं तर 50 मिलिग्रॅम होतात. बरंच जळून किंवा हवेत जातं, रक्तात साधारण 10 ते 35 टक्के पोचतं. म्हणजे तोच जॉइंट एकदा 5 मिलिग्रॅम देईल, एकदा 17. झुरका किती खोल घेतला आणि धूर किती वेळ धरला, एवढ्यावर ते ठरतं. कॅप्सूलचे आकडे धुराला जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण ती अरुंद पट्टी अंदाजाने गाठता येत नाही हे यातून कळावं. शिवाय माल दर वेळी वेगळा. त्यात तंबाखू मिसळली असेल तर निकोटिनही नाडी वाढवतं.

असं का होतं? आपल्या मेंदूत गांजासारखंच काम करणारं एक द्रव्य असतं. 1992 मध्ये ते सापडलं तेव्हा संस्कृतातल्या ‘आनंद’वरून त्याचं नाव ॲनंडामाइड ठेवलं गेलं. भीतीचा आवाज लहान-मोठा करणाऱ्या केंद्रांमध्ये ते गरजेपुरतं तयार होतं आणि लगेच विरून जातं. टीएचसी त्याच जागी जाऊन बसतं, पण सगळीकडे एकदम आणि तासन्‌तास. ही यंत्रणा किती नाजूक आहे, हे रिमोनाबँट नावाच्या औषधाने दाखवून दिलं. वजन कमी करण्यासाठी 2006 मध्ये ते युरोपात आलं. या जागा ते बंद करायचं. घेणाऱ्यांमध्ये नैराश्य आणि चिंता वाढल्यामुळे 2008 मध्ये ते मागे घ्यावं लागलं.

दुसरं कारण हृदयाचं आहे, आणि पॅनिकच्या, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांच्या, रुग्णाला तेच जास्त छळतं. गांजा ओढल्यावर काही मिनिटांतच नाडी मिनिटाला 20 ते 50 ठोक्यांनी वाढते, उठून उभं राहिलं की रक्तदाब उतरून चक्कर येते. बाकीच्यांना हे जाणवतही नाही. पण ज्याला आधी पॅनिक अटॅक येऊन गेलाय, त्याचं लक्ष छातीकडेच असतं. धडधड जाणवली की ‘हार्ट अटॅक’ हा शब्द मनात येतो, त्या भीतीने ॲड्रिनलिन वाढतं आणि धडधड आणखी वाढते. त्यात गांजाने वेळेचं भान ताणलं जातं. दहा मिनिटं तासासारखी वाटतात.

होळीला, महाशिवरात्रीला भांग पोटातून जाते, तिची तऱ्हा निराळी. पोटातलं टीएचसी यकृतात जाऊन आणखी जोरकस रूप घेतं. असर सुरू व्हायला अर्धा ते दोन तास लागतात आणि तो सहा-आठ तास किंवा त्याहून जास्त टिकतो. नेहमीची चूक अशी: अर्ध्या तासात काहीच होत नाही म्हणून दुसरा ग्लास घेतला जातो, आणि मग दोन्ही एकदम चढतात.

अशा वेळी काय करायचं? माणसाला आडवं करा, पाय उशीवर उंच ठेवा, दिवे-आवाज कमी करा. ‘हे गांजामुळे होतंय, उतरेल’ हे सांगा आणि घड्याळ दाखवून सांगा. ओढला असेल तर दोन-तीन तास, भांग असेल तर रात्र जाईल. नाकाने चार मोजत श्वास आत, सहा मोजत हळू बाहेर, पाच मिनिटं. कॉफी, दारू, सिगरेट नको. लिंबू, ताक, लोणचं असे उतारे गुंगीतल्या माणसाच्या तोंडात कोंबू नका, घशात अडकतं. एकटं सोडू नका, गाडी चालवू देऊ नका. छातीतली कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, शुद्ध हरपली असेल, कोणी नसताना आवाज ऐकू येत असतील, तर वाट न पाहता दवाखाना गाठा आणि काय घेतलं ते तिथे सांगा.

आता रोजच्या वापराबद्दल. तुम्ही म्हणता, ओढला नाही तर जास्त घाबरायला होतं, म्हणजे तो औषधच आहे ना? इथेच गफलत होते. रोज ओढणाऱ्याने थांबवलं की एक ते तीन दिवसांत चिडचिड, अस्वस्थता, घाम, भूक मंदावणं, झोप उडणं आणि विलक्षण ठळक स्वप्नं सुरू होतात. पहिल्या आठवड्यात ती सर्वांत जास्त असतात, दोन आठवड्यांत बरीचशी निवळतात, झोप मात्र महिनाभर त्रास देऊ शकते. रात्रीचा जॉइंट यातला बराचसा त्रासच शमवत असतो, जो आधीच्या जॉइंटनेच तयार केलेला असतो. म्हणून मूळची चिंता किती आणि गांजाची किती, हे कळायला साधारण महिनाभर पूर्ण बंद ठेवावा लागतो. एकदम जमत नसेल तर आठवडाभर रोजचा आकडा लिहून काढा, मग दर आठवड्याला पाव हिस्सा कमी करा, आणि दिवसातला पहिला जॉइंट आधी सोडा. परीक्षेच्या किंवा नोकरी बदलायच्या महिन्यात हे सुरू करू नका.

सीबीडीबद्दलही विचारता. हे गांजाच्या झाडातलंच, पण नशा न आणणारं द्रव्य. ब्राझीलमधल्या भाषणाच्या चाचणीत 150, 300 आणि 600 मिलिग्रॅम देऊन पाहिलं, चिंता घटली ती फक्त 300 ने. आपल्याकडे ‘विजया’ नावाने जे तेल मिळतं, त्याच्या 30 मिलिलिटरच्या बाटलीत 1500 मिलिग्रॅम सीबीडी असेल तर 300 म्हणजे तब्बल 6 मिलिलिटर. चार थेंबांत ते नसतं. त्यात टीएचसीही असू शकतं, म्हणून वैद्यांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. आणि एस्सिटॅलोप्रॅम हे चिंतेवरचं औषध चालू असेल तर सीबीडीने रक्तातलं त्याचं प्रमाण वाढतं.

पॅनिकवर चांगले उपचार आहेत: सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलण्यातून होणारी उपचारपद्धत, आणि एस्सिटॅलोप्रॅम किंवा सर्ट्रालिनसारखी औषधं. ही औषधं दोन ते सहा आठवड्यांनी लागू पडतात. पहिल्या आठवड्यात अस्वस्थता थोडी वाढू शकते, म्हणून छोट्या मात्रेने सुरू करतात. पुष्कळ जण नेमके याच आठवड्यात गोळी सोडून पुन्हा चिलमीकडे वळतात, याचं फार वाईट वाटतं. सुरुवातीला थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि ईसीजी करून घ्या. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल तर गांजाला हातही लावू नका, आणि डॉक्टरांना ते आधी सांगा.

डॉक्टरांपासून गांजा लपवू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमची माहिती गोपनीय ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. किती वर्षं, दिवसाला किती, शेवटचा कधी, तंबाखू मिसळून की नाही, आणि अटॅक ओढल्यावर किती वेळाने येतो, हे एका कागदावर लिहून न्या. जायला धीर होत नसेल तर आधी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. तो मोफत आहे, आणि मराठीतही बोलता येतं.