ऑक्सफर्डमध्ये एका पैशाचंही तिकीट न काढता

काल बहिणीबरोबर ऑक्सफर्डला जाऊन आले आणि अजून डोक्यातून जातच नाहीये. कॉलेजं आतून बघायची तर बऱ्याच ठिकाणी तिकीट आहे, म्हणून आम्ही ठरवलं की फक्त फुकट जेवढं आहे तेवढंच बघायचं, आणि तेवढ्यातच दिवस संपला हो!

ब्रॉड स्ट्रीटवरच्या हिस्ट्री ऑफ सायन्स म्युझियममध्ये आइन्स्टाइनचा फळा आहे, १९३१ साली त्यांनी ऑक्सफर्डमध्ये लेक्चर दिलं तेव्हाचा, खडूने लिहिलेली समीकरणं अजून तशीच. मला फिजिक्समधलं फार कळत नाही तरी पाय हलेनात, कारण ते अक्षर अगदी आपल्या शाळेतल्या सरांसारखं घाईघाईत लिहिलेलं वाटतं.

मग नॅचरल हिस्ट्री म्युझियम, वर काचेचं छप्पर, खाली डायनासोरचे सांगाडे, आणि तिथूनच मागच्या दाराने पिट रिव्हर्समध्ये, म्हणजे जगभरातल्या लोकांच्या वापरातल्या वस्तूंच्या म्युझियममध्ये शिरायचं. एकदम अंधुक उजेड, कपाटं खच्चून भरलेली, वस्तूंना हाताने लिहिलेल्या बारीक बारीक चिठ्ठ्या. कपाटांखालचे ड्रॉवर आपण स्वतः उघडून बघायचे! मला हे जगातलं सगळ्यात भारी म्युझियम वाटलं, खरंच.

संध्याकाळी समरव्हिल कॉलेजच्या बाहेर थोडा वेळ थांबलो. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी, भारतातल्या सुरुवातीच्या महिला वकिलांपैकी एक, १८८९ मध्ये इथे आल्या आणि कायदा शिकल्या. आम्ही दोघी नाशिकच्या, त्यामुळे अंगावर काटाच आला.